शवपेटी वाचायची तर आधी डोकं कुठे ते शोधा

मी परळच्या एका शाळेत चित्रकला शिकवते. आठवी-नववीच्या मुलांना प्राचीन इजिप्तचं भारी वेड. डोळा, भुंगेरा, अंख (वर फास असलेलं क्रुसासारखं जीवनाचं चिन्ह) वहीत काढतात, खाली ‘संरक्षण’ लिहितात आणि मोकळी होतात. एवढ्याने हाती काही लागत नाही. देवळात गणेशपट्टी दारावर असते आणि कीर्तिमुख उंबऱ्यावर. इजिप्तच्या शवपेटीवरही रक्षकांच्या जागा अशाच ठरलेल्या. म्हणून चिन्ह ओळखण्याआधी जागा ओळखायची.

न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन आणि लंडनचं ब्रिटिश म्युझियम, दोघांच्याही संकेतस्थळांवर चांगले फोटो मिळतात. एकाच पेटीचे सगळ्या बाजूंचे आणि जमल्यास आतलेही फोटो घ्या. समोरच्या एकट्या फोटोवर काम करू नका. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून मोठे प्रिंट काढा, वर ट्रेसिंग पेपर चिकटवा आणि फक्त बाह्यरेषा काढा. त्यावर डोकं, पाय, डावी कूस एवढंच लिहा.

सुरुवात इ.स.पू. २००० च्या आसपासच्या चौकोनी लाकडी पेट्यांपासून करा. एका लांब बाजूवर डोळ्यांची जोडी रंगवलेली दिसेल. ती पेटीची डावी बाजू. मृताला डाव्या कुशीवर, तोंड पूर्वेकडे करून निजवत आणि हे डोळे बरोबर त्याच्या चेहऱ्यासमोर येत, उगवता सूर्य दिसावा म्हणून. जोडी सापडली की डोकं कुठे आणि पूर्व कुठे, दोन्ही कळलं.

डोळा काढताना घाई करू नका. वरची भुवई आणि डोळ्याचा आकार माणसाचा. खाली उतरणारी रेघ आणि मागे वळून गुंडाळी होणारी दुसरी रेघ ससाण्याच्या गालावरची. हा ससाण्याच्या रूपातल्या होरस देवाचा डोळा. त्याचा वैरी सेत याने तो जखमी केला, ज्ञानाचा देव थोथ याने बरा केला. त्यामुळे तो पुन्हा अखंड झालेल्या शरीराची खूण ठरला. आता तो कुठे ठेवत ते पाहा. ममी करताना आतले अवयव काढण्यासाठी पोटाच्या डाव्या बाजूला चीर देत आणि नेमक्या त्या चिरेवर डोळा कोरलेली पट्टी बसवत. राजा सुसेनेस पहिला याची पट्टी सोन्याची आहे, त्यात डोळ्याच्या दोन्ही बाजूंना होरसचे चार पुत्र उभे आहेत. जिथे शरीर उघडं पडलं, तिथेच पहारा. मला या सगळ्या कलेत ही गोष्ट सर्वांत हृद्य वाटते.

त्या चार पुत्रांकडे चार अवयव होते: इमसेतीकडे यकृत, हापीकडे फुप्फुसं, दुआमुतेफकडे जठर, केबेहसेनुएफकडे आतडी. माणूस, बबून, कोल्हा आणि ससाणा अशी डोकी हे अवयव ठेवायच्या बरण्यांच्या झाकणांवर दिसली तर ओळखणं सोपं. जुन्या बरण्यांवर मात्र चारही डोकी माणसाचीच असतात. तिथे बरणीवरच्या लेखातलं नाव पाहावं लागतं.

माणसाच्या आकाराच्या पेटीवर डोक्याशी नेफ्थिस आणि पायाशी इसिस या बहिणी-देवी शोधा. चेहऱ्यावरून फरक कळणार नाही, मुकुट पाहा: इसिसच्या डोक्यावर सिंहासन, नेफ्थिसच्या डोक्यावर घर आणि त्यावर टोपली. छातीवर पंख पसरलेली असते ती बहुधा आकाशदेवी नूत. पेटीच्या तळाशी किंवा पाठीमागे उभा खांब, वर चार आडव्या पट्ट्या, असं दिसलं तर तो जेद, म्हणजे मृतांचा देव ओसायरिस याचा कणा. मृताच्या कण्यामागे देवाचा कणा.

छातीवरचा भुंगेरा दिसला तर त्याच्या पोटाकडचा फोटो मिळवाच. सपाट भागावर मंत्र कोरलेला असतो: हृदयाने मृत्यूनंतरच्या न्यायाच्या वेळी आपल्याच धन्याविरुद्ध साक्ष देऊ नये. काळीज सत्य आणि न्यायाची देवी मात हिच्या पिसाशी तोललं जाणार, म्हणून हा ताईत काळजापाशी. वरून कितीही सुंदर दिसला तरी त्याचं खरं काम खालच्या बाजूला आहे.

अंख दिसला की लगेच ‘रक्षक’ लिहू नका. देव तो मृताच्या नाकाशी धरतात, श्वास देतात. ते देणं झालं, राखण नव्हे.

शेवटी अक्षरं पाहा. काही पेट्यांवरच्या चित्रलिपीत पक्ष्यांना पायच नसतात, साप मधेच तोडलेले असतात. मुलं म्हणतात, चित्रकार विसरला. तसं नाही. मृताच्या इतक्या जवळ असलेला साप जिवंत झाला तर? म्हणून तो आधीच निकामी केलेला. तेव्हा ट्रेस करताना तुटलेली रेघ पूर्ण करू नका, जशी आहे तशीच ठेवा.

सरावाला मेट्रोपॉलिटनमधली ख्नुमनख्त नावाच्या माणसाची पेटी घ्या. डाव्या बाजूचे डोळे ठळक आहेत, खाली दारही रंगवलंय. ते दार कोणासाठी, हे मुलांना विचारा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या.