मागच्या बाकावरचा खासदार: संसदीय कामकाजातील या चुका टाळा

लोकसभेच्या 543 सदस्यांतून मंत्री, पक्षांचे नेते आणि प्रतोद वगळले, तर उरलेले बहुतेक सदस्य मागच्या बाकांवरचेच असतात आणि पहिल्यांदा दिल्लीला गेलेल्या खासदाराच्या वाट्याला तर हमखास तोच बाक येतो. सरकारचा निर्णय फिरवण्याइतके बळ त्याच्या हाती नसते, पण सरकारला लेखी उत्तर द्यायला लावण्याचा अधिकार त्याला विरोधी पक्षनेत्याइतकाच असतो. पहिल्या एक-दोन वर्षांतल्या चुका बहुधा हा अधिकार नीट न वापरल्यामुळे होतात आणि त्यांतल्या निम्म्याअधिक चुका सभागृहात नव्हे, तर खासदाराच्या कार्यालयात प्रश्नाचा मसुदा करतानाच झालेल्या असतात. येथे विचार लोकसभेपुरता केला आहे. विधानसभेतील आयुधे मिळतीजुळती असली, तरी नियमांचे क्रमांक आणि मुदती वेगळ्या आहेत.

प्रश्न भलत्याच मंत्रालयाला विचारणे

नाशिक किंवा अहिल्यानगर जिल्ह्यातील खासदाराचा पहिला प्रश्न बहुधा कांद्यावर असतो आणि तो बहुधा कृषी मंत्रालयाला पाठवला जातो. नाफेड आणि एनसीसीएफ या सहकारी संस्थांमार्फत राखीव साठ्यासाठी होणारी कांद्याची खरेदी मात्र भाव स्थिरीकरण निधीतून होते आणि हा निधी 2016 पासून ग्राहक व्यवहार विभागाकडे आहे. निर्यातबंदीची अधिसूचना वाणिज्य मंत्रालयाच्या अखत्यारीतील विदेश व्यापार महासंचालनालय काढते, तर ऑगस्ट 2023 मध्ये लावलेल्या 40 टक्के निर्यात शुल्कासारखा निर्णय अर्थ मंत्रालयाच्या अधिसूचनेने होतो. कृषी मंत्रालयाकडे उरते ते लागवड, उत्पादन आणि साठवणुकीच्या चाळींचे अनुदान. प्रत्येक मंत्रालयाचा उत्तराचा वार ठरलेला असल्याने चुकलेला प्रश्न दुसरीकडे वर्ग होतो आणि त्यात दिवस, कधी कधी अख्खे अधिवेशन हातचे जाते. प्रश्नाची सूचना किमान 15 पूर्ण दिवस आधी द्यावी लागते, त्यामुळे अधिवेशन सुरू झाल्यावर चूक दुरुस्त करायला फारसा वाव उरत नाही. एस.टी.ची सेवा, सातबाऱ्याच्या नोंदी किंवा जिल्हा परिषदेचे रस्ते यांवरचे प्रश्न तर स्वीकारलेच जात नाहीत, कारण त्या बाबतीत केंद्र सरकार संसदेला उत्तरदायी नसते.

मंत्रालय बरोबर निवडले, तरी शब्दरचना घात करते. ‘कांदा उत्पादकांना न्याय देण्यासाठी सरकार कोणती पावले उचलत आहे?’ असे विचारले, की उत्तरात योजनांची यादी येते आणि ती यादी संकेतस्थळावर आधीपासूनच असते. ‘मागील तीन हंगामांत नाशिक जिल्ह्यात राखीव साठ्यासाठी किती कांदा, कोणत्या सरासरी दराने खरेदी झाला, त्यातला किती सडला आणि किती शेतकऱ्यांचे पैसे अजून देणे आहे?’ असे विचारले, तर मंत्रालयाला आकडे तरी द्यावे लागतात, नाहीतर ते आपल्याकडे नाहीत असे लिहून द्यावे लागते. माझ्या मते ‘आकडे नाहीत’ हे उत्तर अनेकदा आकड्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरते.

सगळेच प्रश्न तारांकित करण्याचा हट्ट

तारांकित प्रश्नाला तोंडी उत्तर मिळते आणि त्यावर पूरक प्रश्न विचारता येतो, म्हणून नवा सदस्य सगळीकडे तारांकनच मागतो. एका दिवसाच्या यादीत असे फक्त 20 प्रश्न असतात, त्यांचा क्रम सोडतीने ठरतो आणि तासाभरात त्यांतले मोजकेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. अतारांकित यादीत मात्र 230 प्रश्न असतात आणि त्यांची लेखी उत्तरे पटलावर ठेवली जातात. जिल्हानिहाय आकडे हवे असतील, तर अतारांकित प्रश्नच बरा. मंत्र्याला कोंडीत पकडायचे असेल आणि आधीच्या उत्तरातील विसंगती हाताशी असेल, तेव्हाच तारांकित प्रश्नाचा आग्रह धरावा.

सोडतीत नाव लागल्यावर सभागृहात गैरहजर राहणे ही चूक वरकरणी अशक्य वाटते, पण ती घडते. 30 नोव्हेंबर 2009 रोजी प्रश्न विचारणारे बहुतेक सदस्यच जागेवर नसल्यामुळे लोकसभेचा प्रश्नकाळ वेळेआधी गुंडाळावा लागला होता. हजर राहूनही संधी वाया जाते, ती पूरक प्रश्नाचे भाषण केल्यामुळे. मतदारसंघातील जनतेच्या वतीने आभार, मग प्रस्तावना, मग तीन उपप्रश्न, एवढे सगळे झाले, की मंत्री त्यांतल्या सर्वांत सोप्या उपप्रश्नाचे उत्तर देऊन मोकळे होतात. पूरक प्रश्न एका वाक्याचा असावा आणि तो छापील उत्तरातल्याच एखाद्या आकड्यावर बोट ठेवणारा असावा.

मागच्या बाकावरून काय साधता येते याचे आजही सांगण्याजोगे उदाहरण फिरोज गांधी यांचे आहे. ते सत्ताधारी काँग्रेसचेच सदस्य होते. आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत केलेल्या गुंतवणुकीचा विषय 1957 मध्ये संसदेत प्रश्नातून पुढे आला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये फिरोज गांधी यांनी तो तारखा आणि कागदपत्रांनिशी सभागृहात मांडला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती एम. सी. छागला यांच्यामार्फत या व्यवहाराची चौकशी झाली आणि फेब्रुवारी 1958 मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांना राजीनामा द्यावा लागला.

शून्य प्रहरालाच काम समजणे

शून्य प्रहरात, म्हणजे प्रश्नकाळानंतर तातडीचे विषय मांडण्याच्या वेळेत, दोन-तीन मिनिटे बोलले, की त्याची चित्रफीत संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक गटात पोहोचते, आणि खरी अडचण इथेच आहे. मंत्र्याने तिथल्या तिथे उत्तर देण्याचे बंधन नसल्यामुळे विषय नोंदला जातो, पण सरकार कशाला बांधले जात नाही. लोकसभेच्या कामकाज नियमांतील नियम 377 खालील निवेदन दिसायला फिके असले, तरी मंत्रालयाचे लेखी उत्तर त्यातून मिळते. त्यात मात्र एक पथ्य आहे. मजकूर 250 शब्दांच्या आत असावा लागतो आणि मंजूर झालेला मजकूर जसाच्या तसा वाचावा लागतो. मध्येच सुचलेले जोरकस वाक्य टाळ्या मिळवते, पण कामकाजात नोंदले जात नाही. हिंदी-इंग्रजीच्या धास्तीने गप्प बसण्याचेही कारण नाही. आधी सूचना दिल्यास सभागृहात मराठीत बोलता येते आणि त्याचे भाषांतर इतरांना ऐकू येते.

उत्तर आले, म्हणजे विषय संपला असे मानणे

‘माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’ हे वाक्य वाचून पुष्कळ कार्यालये फाईल बंद करतात. वास्तविक असे वाक्य आश्वासन मानले जाते. शासकीय आश्वासनांविषयीची समिती त्याचा पाठपुरावा करते आणि ते तीन महिन्यांत पूर्ण करणे अपेक्षित असते. मुदत टळली, की समितीला पत्र लिहावे आणि पुढच्या अधिवेशनात पहिल्या उत्तराचा क्रमांक व तारीख देऊन पुन्हा विचारावे. स्वीय सहायकाने एक साधी वही ठेवली, तरी हे जमते. त्या वहीत प्रश्न, उत्तराची तारीख, अपुरा राहिलेला भाग आणि पुढची कृती एवढ्या नोंदी पुरेत.

वही सहायकाकडे असू द्यावी, प्रश्न ऑनलाइन सादर करण्याच्या पोर्टलचा संकेतशब्द मात्र देऊ नये. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात डिसेंबर 2005 मध्ये दोन्ही सभागृहांतील मिळून 11 सदस्यांचे सदस्यत्व गेले होते. पोर्टलचा तपशील बाहेरच्या व्यक्तीला दिल्याच्या मुद्द्यावर नैतिकता समितीच्या अहवालानंतर डिसेंबर 2023 मध्ये आणखी एका सदस्याची लोकसभेतून हकालपट्टी झाली. आपण गैर काही केले नसल्याचे त्या सदस्याचे म्हणणे होते. तयार प्रश्न घेऊन येणाऱ्या संघटना असतातच आणि त्यांत काही गैरही नाही, पण प्रत्येक प्रश्न सदस्याने स्वतः वाचून, आपल्या हाताने सादर करावा.

खासगी विधेयक आणि स्थायी समिती

खासगी सदस्याचे, म्हणजे मंत्री नसलेल्या खासदाराचे विधेयक मंजूर होण्याच्या अपेक्षेने मांडू नये. आजवर अशी 14 विधेयकेच कायदा झाली आणि शेवटचे 1970 मध्ये. तरीही ते मांडण्यात अर्थ आहे. राजापूरचे खासदार नाथ पै यांनी मूलभूत हक्कांसंदर्भात संसदेचा घटनादुरुस्तीचा अधिकार स्पष्ट करणारे विधेयक 1967 मध्ये मांडले होते. ते मंजूर झाले नाही, पण त्यातला विचार पुढे 1971 च्या 24 व्या घटनादुरुस्तीत आला.

स्थायी समितीच्या बैठका बुडवणे ही चूक मात्र मतदारांना कधी कळतच नाही, कारण त्या बंद दाराआड होतात. विभागांशी निगडित अशा 24 समित्या आहेत आणि प्रत्येकीत दोन्ही सभागृहांचे मिळून 31 सदस्य असतात. तिथे कॅमेरा नसतो, पक्षादेश लागू होत नाही आणि समोर खुद्द सचिव बसलेले असतात. अर्थसंकल्पी अधिवेशनाच्या मधल्या सुट्टीत खासदार मतदारसंघातल्या उद्घाटनांत अडकलेला असतो, आणि त्याच काळात या समित्या अनुदानाच्या मागण्या, म्हणजे मंत्रालयांच्या खर्चाचे प्रस्ताव तपासतात. त्यांतल्या बहुतेक मागण्या नंतर सभागृहात चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. रखडलेल्या रेल्वेमार्गासाठी गेल्या वर्षी तरतूद किती झाली आणि त्यातली खर्च किती झाली, हे त्या मंत्रालयाच्या अधिकाऱ्यांना समोरासमोर विचारायचे, तर त्या आठवड्यांत दिल्लीतच थांबावे लागते.