अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या शेतातली जुनी दफनभूमी: इतिहास कसा काढावा

मक्याच्या शेतात मधेच दोन-चार सीडरची झाडं आणि दहाबारा कललेले दगड दिसले, की बहुधा ती एखाद्या जुन्या वसाहतकरी कुटुंबाची दफनभूमी असते. गेल्या पन्नास वर्षांत बारा किंवा त्याहून कमी दफनं झाली असतील, तर आयोवाचा कायदा तिला ‘पायोनियर सिमेटरी’ म्हणतो.

शेतमालकाला विचारूनच आत जा. जमीन सरकारकडून पहिल्यांदा कुणी घेतली ते जमीन-पट्ट्यांच्या ऑनलाइन नोंदींत मिळतं, पुढची खरेदीखतं काउंटी रेकॉर्डरकडे, म्हणजे जिल्ह्याच्या दस्त-नोंदणी अधिकाऱ्याकडे. खतात ‘दफनभूमीची जागा वगळून’ असा उल्लेख आहे का, एवढं बघा.

खरी डोकेदुखी म्हणजे दगड वाचणं. शेव्हिंग क्रीम फासा, खडू घासा, तारेच्या ब्रशनं खरवडा, असले सल्ले देणाऱ्यांचं ऐकू नका. तो संगमरवर दीडशे वर्षं पावसात झिजलाय. तुम्ही घासाल तेव्हा उरलेली अक्षरंही जातील. कागद ठेवून पेन्सिल फिरवणंही मी सोडलंय, पापुद्रे निघतात. दाराला लावतात तो उभा आरसा न्या. एकानं उन्हात उभं राहून कवडसा दगडावर अगदी बाजूनं, तिरपा पाडायचा. सपाट दिसणाऱ्या दगडावर अक्षरांच्या सावल्या उमटतात. फोटो तेव्हाच काढा, आणि आकडा दोन-तीन कोनांतून बघा.

हे मी ठेच लागून शिकलो. एका लहान मुलीच्या दगडावर ‘मृत्यू १४ मार्च १८५४, वय ८ वर्षं ५ महिने २० दिवस’ असं भर दुपारी वाचलं. वय वजा केलं की जन्मतारीख मिळते, म्हणून १८५० च्या जनगणनेत चार वर्षांची मुलगी शोधत बसलो. आईबाप, भाऊ सापडले, ती नाही. दोन महिने गेले. मग आरसा घेऊन परत गेलो, तर तो ८ नव्हताच, ३ होता. म्हणजे जन्म २४ सप्टेंबर १८५०. त्या जनगणनेत १ जूनपर्यंत जन्मलेलेच मोजायचे होते, आणि १८६० च्या आधी ती गेली. केंद्राच्या एकाही जनगणनेत ती येणं शक्यच नव्हतं.

बायकांच्या दगडांवर दोन शब्द नीट बघा: ‘कॉन्सॉर्ट’ म्हणजे नवऱ्याआधी गेलेली, ‘रेलिक्ट’ म्हणजे विधवा. नवऱ्याचा दगड हरवला असला तरी तो आधी गेला की नंतर, हे यावरून कळतं.

नाव नसलेले ओबडधोबड दगड हलवू नका. त्यांच्याखालीही कुणीतरी असतं.