आयएनआरचा रिपोर्ट कसा वाचावा

ठाण्यात नौपाड्याला आमच्या शेजारच्या काकांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे. त्यामुळे रोज रक्त पातळ ठेवायची गोळी आणि दर महिन्याला पीटी-आयएनआर, म्हणजे रक्ताची गुठळी धरायला किती वेळ लागतो ते पाहणारी रक्ततपासणी. एकदा रिपोर्टवर २.६ ठळक छापून आलं, शेजारी ‘हाय’. काकूंनी घाबरून त्या रात्रीची गोळीच दिली नाही. आकडा खरं तर हवा तिथेच होता!

तपासणीला उपाशी जायची गरज नाही. नवीन काही औषध, विशेषतः अँटिबायोटिक किंवा दुखण्यावरची गोळी, सुरू असेल तर मात्र आधी सांगा. रक्त फिकट निळ्या झाकणाच्या नळीत घेतात. त्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, ९ भाग रक्ताला १ भाग. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर आकडा फसवा येतो. म्हणून पुन्हा टोचायची वेळ आली तर लॅबवाल्यावर चिडू नका.

रक्तातला प्लाझ्मा वेगळा करून, त्यात रसायन घालून गुठळी धरायला किती सेकंद लागतात ते मोजतात. हा पीटी, साधारण ११ ते १३.५ सेकंद. पण रसायन बदललं की सेकंद बदलतात. नौपाड्याचे सेकंद वाशीच्या सेकंदांशी जुळावेत कसे? त्यासाठीच आयएनआर हे समान माप आलं. जागतिक आरोग्य संघटनेने ते १९८३ मध्ये स्वीकारलं.

आता मुख्य गोष्ट. रिपोर्टवर छापलेली १ च्या आसपासची मर्यादा गोळी न घेणाऱ्यांसाठी असते. वॉर्फरिन किंवा असिनोकुमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्या बहुतेकांचं लक्ष्य २ ते ३, आणि मायट्रल जागी (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमध्ये) कृत्रिम झडप असेल तर सहसा २.५ ते ३.५. आपलं लक्ष्य डॉक्टरांना विचारा, फाइलच्या पुठ्ठ्यावर पेनाने लिहा आणि आकडा त्याच्याशी ताडून पाहा. कमी आला तर गुठळीची भीती, जास्त आला तर रक्तस्रावाची. डोस मात्र डॉक्टरच बदलतील.

पालक, मेथी, अळू यांतलं के जीवनसत्त्व आकडा खाली ओढतं. भाजी सोडू नका, प्रमाण सारखं ठेवा. श्रावणात रोज अळूचं फदफदं आणि एरवी महिनाभर काहीच नाही, हे नको.

यकृताच्या आजारात आणि शस्त्रक्रियेपूर्वीही हीच तपासणी सांगतात. हिपॅरिनसाठी (रक्त पातळ ठेवणारं इंजेक्शन) किंवा हिमोफिलियाच्या (रक्त नीट न गोठण्याचा जन्मजात आजार) शंकेसाठी एपीटीटी ही वेगळी तपासणी. अपिक्साबॅनसारख्या रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्यांचा परिणाम आयएनआरवरून कळत नाही.

काळी शौच, न थांबणारा घोळणा किंवा डोक्याला मार: रिपोर्टची वाट न पाहता थेट इस्पितळात जा, गोळ्यांचं पाकीट बरोबर घेऊन.