आठवी ते दहावीच्या पोरांचं शाळेत जाऊन मेंटर व्हायचं असेल तर

दरवर्षी जून आला की आणि मग परत नवीन वर्षाच्या आसपास ओळखीतल्या कोणाचा तरी मेसेज येतोच, की मला महापालिकेच्या शाळेत जाऊन मुलांसाठी काहीतरी करायचंय, सुरुवात कुठून करू. आम्ही पुण्यात काही शाळांमध्ये व्हॉलंटियर पाठवतो, त्यामुळे प्रत्येकाला तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा सगळं लिहून टाकतेय. हे आठवी ते दहावीच्या मुलांबद्दल आहे. एका मोठ्या माणसाने एका मुलाला, फार तर दोघातिघांना, आठवड्यातून एकदा शाळेतच भेटायचं, वर्षभर, एवढंच याचं स्वरूप. यात शिकवणी नाही, स्पोकन इंग्लिशचा क्लास नाही, आणि प्रेरणादायी भाषण तर अजिबात नाही, ते १५ ऑगस्टला होतंच.

सगळ्यात आधी स्वतःचं कॅलेंडर बघा. मन-बिन नंतर, आधी कॅलेंडर. जून-जुलैपासून मार्चपर्यंत दर आठवड्याला एक ठरलेला वार आणि ठरलेला तास देता येणार आहे का? ऑफिसचं प्रोजेक्ट बदलणार असेल, लग्न ठरलंय, बंगळुरूला बदलीचं चाललंय, तर या वर्षी नका करू, शाळेच्या लायब्ररीला पुस्तकं द्या, स्नेहसंमेलनाला मदत करा, त्याचाही उपयोग असतो. अमेरिकेत बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स नावाची १९०४ पासूनची संस्था आहे, तिथल्या मेंटर-मुलांच्या जोड्यांवर जीन ग्रॉसमन आणि जीन ऱ्होड्स या दोघींचा अभ्यास २००२ मध्ये आला, त्यात वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकलेल्या जोड्यांमधल्या मुलांना सगळ्यात जास्त फायदा दिसला आणि पहिल्या तीन महिन्यांतच संपलेल्या जोड्यांमधल्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट कमी झालेला दिसला. म्हणजे येऊन मधेच गायब होणारा दादा हा न आलेल्या दादापेक्षा वाईट. आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी हे पहिल्या फोनवरच सांगते, थोडे लोक तिथेच गळतात आणि ते बरंच आहे.

आता शाळेत शिरायचं कसं. एखाद्या संस्थेमार्फत गेलात तर परवानगी वगैरे ते बघतात. एकट्याने जायचं तर केंद्र सरकारचं विद्यांजली पोर्टल आहे, २०२१ मध्ये नव्याने सुरू झालं, त्यावर शाळा आपली गरज टाकतात आणि आपण नाव नोंदवू शकतो, पण खरं सांगायचं तर घराजवळच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटणं जास्त कामाला येतं. महापालिकेची शाळा असेल तर ते शिक्षण विभागाचं पत्र मागतील, जिल्हा परिषदेची असेल तर केंद्रप्रमुख आणि गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जावं लागेल. अर्ज एका पानाचाच करा आणि त्यात समाजऋण, राष्ट्रनिर्माण असलं काही न लिहिता सरळ लिहा: मी कोण, कुठे काम करतो, कोणत्या वर्गातल्या किती मुलांना भेटणार, कोणत्या वारी कोणत्या तासाला, शाळेत कुठे बसणार, कधीपर्यंत येणार. दुपारच्या शाळेत खेळाचा किंवा कार्यानुभवाचा तास मिळू शकतो, पण खेळाचा तास घेऊ नका प्लीज, पोरं आठवडाभर त्या तासाची वाट बघत असतात आणि तो तुम्ही खाल्लात तर वर्षभर त्यांचं तोंड वाकडं राहणार.

पोलिसांचं चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र काढून घ्या, अर्ज ऑनलाइन होतो. शाळेने मागितलं नाही तरी स्वतःहून द्या. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बदलापूरच्या शाळेत लहान मुलींवर अत्याचार झाल्याचं प्रकरण झालं, त्यानंतर बाहेरच्या माणसाकडे शाळा संशयाने बघतात आणि त्यांनी बघायलाच पाहिजे, त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नाही. दिल्ली सरकारने २०२१ मध्ये देश के मेंटर नावाचा कार्यक्रम काढला होता, तरुण व्हॉलंटियर सरकारी शाळेतल्या मुलांशी फोनवर बोलणार अशी कल्पना, आणि बाल हक्क संरक्षणाच्या राष्ट्रीय आयोगाने व्हॉलंटियरांच्या पोलिस पडताळणीचाच मुद्दा काढून, त्रुटी दूर होईपर्यंत तो थांबवा म्हणून सांगितलं. त्यात राजकारण किती आणि काळजी किती हा वाद बाजूला ठेवा, मुद्दा बरोबर होता. म्हणून आमचे नियम कडक आहेत. बसायचं ते व्हरांड्यात, लायब्ररीत नाहीतर दार उघडं असलेल्या वर्गात, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असं. मुलाचा पर्सनल नंबर घ्यायचा नाही, स्वतःचा द्यायचा नाही, इन्स्टावर फॉलो करायचं नाही. बाईकवर घरी सोडायचं नाही, पाऊस असला तरी नाही. मुलासोबतचा सेल्फी स्टेटसला टाकायचा नाही. आणि पालकांची सही असलेलं संमतीपत्र शाळेकडे असल्याशिवाय पहिली भेटसुद्धा करायची नाही.

पहिल्या भेटीत बहुतेक लोक विचारतात, बाळा मोठेपणी काय व्हायचंय तुला. नका विचारू. पोरगं तुमच्याकडे बघून तुम्हाला जे ऐकायला आवडेल ते सांगतं, मुलं पोलिस किंवा आर्मी, मुली टीचर नाहीतर कलेक्टर, आणि पुढे काय बोलायचं ते कोणालाच कळत नाही. आईवडील काय करतात हेही पहिल्याच दिवशी नको, कारण त्याचं उत्तर काही घरांत अवघड असतं. त्यापेक्षा शाळेत कसा येतोस, रस्त्यात काय काय लागतं, कोणाबरोबर येतोस, वर्गात सगळ्यात जास्त कोण बडबडतं, हे विचारा. घरापासून शाळेपर्यंतचा नकाशा काढायला सांगा, यात चित्र यावं लागत नाही आणि पोरं त्यात भरभरून सांगतात, इथे कुत्री मागे लागतात, इथे काकांची टपरी, इथून रात्री जायचं नाही. मग स्वतःचाही नकाशा काढून दाखवा. कॅरम असेल तर कॅरम, पत्ते काही शाळांत चालत नाहीत तेव्हा आधी विचारून घ्या. नावाचं म्हणाल तर सर, मॅडम नको, दादा किंवा ताई म्हणू दे.

पहिला महिना दीड महिना मुलगा गप्प बसला तरी काही बिघडलं नाही. बरीच पोरं तुमच्यासमोर शुद्ध बोलायच्या टेन्शनने गप्प असतात, घरी अहिराणी नाहीतर गोरमाटी नाहीतर हिंदी, आणि समोर हे शहरातलं माणूस. आनि-पानि म्हणालं तर दुरुस्त करायला जाऊ नका, ते काम करायला जग बसलेलंच आहे. तुम्ही दर बुधवारी सव्वादोनला तिथे असता हे त्याला पटेपर्यंत दुसरं काहीही होत नाही. आणि येणं जमणार नसेल तर आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना फोन करून निरोप द्या आणि तो निरोप मुलापर्यंत पोचला का ते पुढच्या भेटीत विचारा, कारण नाहीच पोचत बऱ्याचदा.

मग तासभर करायचं काय. अर्धा वेळ ज्याची त्याला मजा वाटते ते, अर्धा वेळ त्याच्या कामाचं. माझ्या मते मेंटरचा खरा उपयोग कागदपत्रांत आणि तारखांत आहे, आणि हे कोणी सांगत नाही कारण ते फारसं उदात्त वाटत नाही. आपल्या घरात दहावीनंतर काय हे मामा, काका, शेजारी कोणीतरी सांगतंच, इथे ते सांगणारं कोणी नसतं. आठवीतल्या मुलासाठी एनएमएमएस ही शिष्यवृत्ती परीक्षा आहे, सरकारी, अनुदानित आणि स्थानिक संस्थांच्या शाळांतल्या मुलांसाठी, घरचं उत्पन्न वर्षाला साडेतीन लाखांपेक्षा जास्त नको, सातवीत ५५ टक्के लागतात, अनुसूचित जाती-जमातींना थोडी सूट, आणि निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात. अर्ज शाळेमार्फत जातो, त्यामुळे सरांच्या मागे लागून तारीख काढून घेणं हे तुमचं काम, आणि परीक्षेत बुद्धिमत्तेचा जो पेपर असतो त्याचा सराव तुमच्या तासात मस्त होतो, आकृत्या, मालिका वगैरे, पोरांना आवडतंच ते.

नववीत एक दिवस सगळे दाखले समोर ठेवून बसा. आधारवरचं नाव, शाळेच्या जनरल रजिस्टरमधलं नाव आणि जन्मतारीख जुळतात का बघा. एकीकडे वडिलांचं नाव दगडू आणि दुसरीकडे दगडुबा, आडनावाचं स्पेलिंग तीन प्रकारचं, असं सर्रास असतं. दहावीच्या बोर्डाचा फॉर्म भरायच्या आधी ही दुरुस्ती शाळेतूनच होऊ शकते, शाळा सोडल्यावर तेच काम फार किचकट होतं. जातीचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, लागत असेल तर नॉन-क्रिमीलेयर, हे सगळं दहावीच्या निकालानंतर काढायला गेलं की सेतू केंद्रावर ही गर्दी आणि प्रवेशाची तारीख डोक्यावर. आईवडिलांची रोजंदारी बुडते, म्हणून ते लांबणीवर टाकतात, निष्काळजी असतात म्हणून नाही. कागदांची यादी तुम्ही मुलाच्या वहीत लिहून द्या, कुठला दाखला कुठे मिळतो ते लिहा, पण दाखला काढून आणू नका, त्यालाच आईबरोबर जाऊ दे.

दहावीच्या मुलाला पर्याय मोकळेपणाने सांगा. अकरावी म्हणजेच शिक्षण असं नसतं, आयटीआय आहे, पॉलिटेक्निकचा डिप्लोमा आहे. शाळेची परवानगी आणि सोबत एक शिक्षक मिळाले तर जवळच्या आयटीआयमध्ये मुलांना घेऊन जा, वेल्डिंगचं नाहीतर फिटरचं वर्कशॉप डोळ्याने बघितल्यावर जे प्रश्न विचारतात ते पत्रक वाचून कधीच विचारत नाहीत. आणि नापास झालो तर काय हेही आधीच बोलून ठेवा, निकालाच्या दिवशी बोलायचा विषय नाही तो. ३५ ला पास, एकदोन विषय राहिले तर पुरवणी परीक्षा आहे, तेवढे विषय बाकी ठेवून, म्हणजे एटीकेटीवर, अकरावीत जाता येतं, शाळा मधेच सुटलेल्याला १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसता येतं. हे माहीत असलेलं पोरगं निकालाच्या दिवशी जरा कमी घाबरतं.

आता अवघड भाग. कधीतरी मूल म्हणेल, दादा एक सांगू, कोणाला सांगणार नाही ना? इथे "नाही सांगणार" असं वचन द्यायचं नाही. म्हणायचं, तुझ्या जिवाला किंवा अंगाला धोका असेल असं काही असेल तर मला योग्य माणसाला सांगावं लागेल, बाकी आपल्यातच राहील. मग ऐकायचं. मधेमधे पोलिसांसारखे प्रश्न नाहीत, बापरे नाही, तू का गेलीस तिथे असं तर कधीच नाही. लैंगिक अत्याचाराचं काही कळलं तर २०१२ च्या पोक्सो कायद्याप्रमाणे ते पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, तुम्हालाही, आणि न कळवणं हा गुन्हा आहे. शाळेत सांगितलं म्हणजे आपलं काम संपलं असं समजू नका, शाळा गप्प बसली तर तुम्ही स्वतः कळवायचं. १०९८ ही मुलांची हेल्पलाइन, तिथे सल्लाही मिळतो. नववी-दहावीतल्या मुलीचं लग्न ठरतंय असं कानावर आलं तरी हाच नंबर. मूल जगण्याचाच कंटाळा आलाय असं काही बोललं तर त्याच दिवशी मुख्याध्यापक आणि घरच्यांना कळवा, १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीत बोलता येतं. तुम्ही स्वतः समुपदेशक असल्यासारखं वागू नका, यूट्यूब बघून तर नाहीच.

शिक्षक मारतात अशी तक्रार आली तर शिक्षण हक्क कायद्याने मारायला बंदी आहे हे लक्षात ठेवा, मुख्याध्यापकांशी बोला, शाळेत तक्रारपेटी आणि मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती असते. पण रोजच्या कुरकुरीत मुलाच्या बाजूने सरांविरुद्ध पार्टी करू नका. शिक्षकांना शत्रू केलंत तर तुमचा तास कधी सर्वेक्षणात, कधी सराव परीक्षेत जाणार. तसाही जाणारच, निवडणुकीची ड्युटी आली की निम्मी शाळा रिकामी असते, तेव्हा चिडायचं नाही. अधूनमधून स्टाफरूममध्ये चहा घ्या, वर्गशिक्षकांना या मुलाचं काय चाललंय विचारा, त्यांना तुमच्यापेक्षा जास्त माहीत असतं.

पैसे, मोबाइल, वाढदिवसाला बूट, काही द्यायचं नाही. खरंच गरज असेल तर शाळेमार्फत, नाव न सांगता. एकाला सायकल दिलीत की उरलेल्या चाळीस जणांशी तुमचं नातं बदललं.

मूल येईनासं झालं तर लगेच मनाला लावून घेऊ नका, वर्गशिक्षकांना विचारा. दिवाळीनंतर बीड, जालन्याकडची पोरं आईबापाबरोबर ऊसतोडीला जातात, शहरात वीटभट्टी, बांधकामावरची कुटुंबं साइट बदलली की हलतात. गावात मागे राहता येणार असेल तर हंगामी वसतिगृहाची सोय आहे का हे शाळेला विचारता येतं, पण दिवाळीच्या आधी, बैलगाडी निघाल्यावर नाही.

शेवटची भेट कधी हे पहिल्याच महिन्यात मुलाला सांगून ठेवा आणि फेब्रुवारीत परत आठवण द्या. शेवटच्या दिवशी रडारड, केक, नेहमी भेटत राहू अशी वचनं नकोत, जे पाळणार नाही ते बोलायचंच नाही. एक पत्र लिहा, त्यात तू खूप हुशार आहेस वगैरे न लिहिता वर्षभरात तुम्ही त्याच्यात जे बघितलं ते लिहा, नकाशात त्याने काढलेली ती टपरी, बेरजा चुकल्या तरी त्याने परत केलेलं गणित, असं. दाखल्यांची यादी असलेली वही त्याच्याकडेच राहू दे, त्यातलं काय बाकी आहे ते वर्गशिक्षकांना सांगा. आणि पुढच्या वर्षी परत येणार असाल तर मुख्याध्यापकांना परीक्षा संपायच्या आतच सांगून वार पक्का करून ठेवा, जूनमध्ये प्रवेश आणि पुस्तकवाटपाच्या गडबडीत त्यांना तुमच्याकडे बघायलाही वेळ नसतो.