गावासाठी मोबाइल ॲप बनवताय? या चुका टाळा

कापसाची नोंद, आशाताईंच्या गृहभेटी, जनावरांचं लसीकरण... नागपूर-अमरावतीकडे प्रोजेक्ट म्हणून अशी ॲप नेहमी बनतात. लॅबच्या वायफायवर पळतात, अन् धारणी किंवा भामरागडकडे नेली की मान टाकतात. मग खापर रेंजवर फुटतं. माझ्या मते गडबड आराखड्यातच असते. रेंज जाणं तिथे रोजचंच आहे, आपण ते अपवाद म्हणून धरतो.

‘सेव्ह’ दाबताच थेट सर्व्हरकडे धावणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नोंद आधी फोनमध्ये पक्की व्हावी, रांगेत थांबावी, रेंज आली की जावी. फुल टॉवर दिसतो म्हणून नेट चालतंच असं नाही, तेव्हा त्या चिन्हावर विसंबू नका. पाठवणं फसलं तर दर खेपेला थांबायचा वेळ दुप्पट करा आणि त्यात थोडे सेकंद कमीजास्त होऊ द्या. नाहीतर लाइन येऊन टॉवर सुरू झाला की सगळे फोन एकदम सर्व्हरवर तुटून पडतात.

एकच नोंद दोनदा दिसते, ही तक्रार हमखास येणार. नोंद पोचलेली असते, पण पोचपावती परत येताना रेंज जाते आणि फोन तीच नोंद पुन्हा पाठवतो. प्रत्येक नोंदीला फोनवरच वेगळा ओळख क्रमांक द्या. तोच क्रमांक पुन्हा आला तर सर्व्हरने फक्त पावती द्यावी.

खरी डोकेदुखी पुढे आहे. एकाच बाळाचं वजन दोन फोनवर, दोन्ही ऑफलाइन असताना बदललं, तर खरं कोणतं? ‘शेवटचं ते खरं’ म्हणाल तर फोनचं घड्याळच चुकलेलं असू शकतं. वेळेऐवजी आवृत्ती क्रमांक, म्हणजे दर बदलाला एकने वाढणारा आकडा ठेवा. कार्नेगी मेलन विद्यापीठात एम. सत्यनारायणन यांच्या गटाने 1987 पासून घडवलेल्या कोडा फाइल सिस्टिममध्ये (नेट तुटलं तरी सर्व्हरवरच्या फाइली वापरू देणारी व्यवस्था) हाच प्रश्न हाताळला होता: तुटलेल्या काळातले बदल टिपायचे, जोडणी झाली की मिसळायचे, टक्कर झाली तर दडपायची नाही. वजनाच्या बाबतीत तर दोन्ही आकडे आशाताईंसमोर ठेवावेत. त्यांना लगेच कळतं.

जीपीएसला नेट लागतं, हा गैरसमज. नेट असलं तर उपग्रहांच्या कक्षांची माहिती पटकन मिळते, इतकंच. नसेल तर ती उपग्रहांकडूनच घ्यावी लागते. तो संदेश दर 30 सेकंदांनी फिरून येतो आणि सागवानाखाली मध्येच तुटतो. दहा सेकंदांत ‘स्थान सापडलं नाही’ म्हणणारं ॲप उतावीळ आहे. मोकळ्या बांधावर उभं राहायला सांगा, आणि स्थानाबरोबर अचूकताही साठवा. वीस मीटर चुकलं तर शेताचा फोटो शेजाऱ्याच्या गट नंबरावर जातो.

बॅटरीचं थोडक्यात. दर मिनिटाला जरा-जरा पाठवू नका, प्रत्येक वेळी रेडिओ काही सेकंद उगाच जागा राहतो. चंद्रपूरच्या मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, तेव्हा तापलेला फोन चार्जिंगही थांबवतो. सिंक, म्हणजे साठलेल्या नोंदी सर्व्हरवर जाणं, उशिरा होत असेल तर आधी अँड्रॉइडची बॅटरी बचत तपासा. 2015 च्या अँड्रॉइड 6 पासून पडून असलेल्या फोनवर मागची कामं लांबणीवर टाकली जातात.

गावाला नेण्याआधी अपलोड अर्धवट असताना विमान मोड लावा, स्टोरेज गच्च भरा, तारीख मागे करा, ॲप मध्येच बंद करा. मग नोंदी मोजा.