आल्डीला ऑस्ट्रेलियात २५ वर्षं झाली, तिथे खरेदी कशी करायची ते सांगते

२००१ च्या जानेवारीत सिडनीत आल्डी या जर्मन सुपरमार्केटची पहिली दुकानं उघडली, म्हणजे २०२६ ला पंचवीस वर्षं झाली. इकडे नवीन आलेली आपली मंडळी वर्धापनदिनाचा सेल कधी असं विचारतात, पण सेलसाठी अजिबात थांबू नका, आल्डीतली खरी बचत दर आठवड्याच्या किराण्यात आहे.

जाताना एक किंवा दोन डॉलरचं नाणं ठेवा, त्याशिवाय ट्रॉली सुटत नाही (परत लावली की नाणं मिळतं), आणि पिशव्या घरूनच न्या. कोल्स-वूलवर्थ्स या इथल्या दोन मोठ्या सुपरमार्केटमध्ये एकाच वस्तूचे ढीगभर ब्रँड दिसतात, इथे एखाददुसरा आणि तोही बहुतेक आल्डीचाच, माल खोक्यातूनच फळीवर ठेवलेला, म्हणजे मांडायला माणसं कमी लागतात आणि म्हणूनच भाव उतरतो.

भाव बघताना पाकिटावरच्या आकड्याला भुलू नका, फळीवरच्या लेबलवर बारीक अक्षरात १०० ग्रॅमचा किंवा लिटरचा दर असतो तो बघा, मोठं पाकीट स्वस्तच असेल असं नाही. दूध, अंडी, बटर, चीज, ओट्स, चॉकलेट इथून बिनधास्त घ्या. पण ठरावीक ब्रँडचाच साबण किंवा कॉफी लागत असेल तर बाकीच्या दोघांकडे ती हाफ प्राइसला येते तेव्हा तिकडून भरून ठेवा, तेच परवडतं. तूरडाळ आणि पोह्यांसाठी इंडियन स्टोअर आहेच.

आता मधली आयल (दुकानाच्या मधली रांग), सगळ्यांचे पैसे इथेच जातात! बुधवारी आणि शनिवारी स्पेशल बाईज, म्हणजे थोड्याच दिवसांसाठी ठेवलेल्या वस्तू येतात, तंबूपासून कढईपर्यंत काहीही, आणि संपलं की लगेच परत येईल याचा भरवसा नाही, म्हणून घरीच कॅटलॉग बघून काय घ्यायचं ते ठरवून जा आणि बाकीच्याकडे बघूच नका. मुलांना बर्फात नेणार असाल तर मे महिन्यात स्कीचे कपडे येतात ते मात्र सोडू नका, सकाळी दुकान उघडायच्या आधी पोचा.

काउंटरवर स्कॅनिंग भराभर होतं, तिथे पिशव्या भरत बसू नका, जड सामान आधी बेल्टवर ठेवा, स्कॅन झालेलं सरळ ट्रॉलीत घ्या आणि पैसे देऊन मागच्या बेंचवर निवांत भरा. स्पेशल बाईजचं बिल जपून ठेवा, वस्तू खराब निघाली तर कन्झ्युमर लॉप्रमाणे दुरुस्ती, बदली किंवा पैसे मागता येतात, फक्त खरेदीचा पुरावा हवा.