मज्जारज्जूच्या दुखापतीनंतरचा व्यायाम : या चुका टाळा

मणक्याला मार बसून त्यातून जाणाऱ्या मज्जारज्जूला इजा झाल्याने पाय किंवा हातपाय लुळे पडलेल्या रुग्णांना मी गेली अठरा वर्षे व्यायाम शिकवते आहे, आणि घरोघरी पहिला प्रश्न एकच असतो : "चालायला कधी लागेल?" त्या प्रश्नामागची तळमळ मला कळते, परंतु त्यापायी हृदयाचा व्यायाम वर्षानुवर्षे राहून जातो. घरची मंडळी सकाळ-संध्याकाळ पाय हलवून देतात, कॅलिपर (पायांना आधार देणारी पट्ट्यांची चौकट) लावून उभे करतात. सांधे आखडू नयेत म्हणून हे हवेच, पण दुसऱ्याने पाय हलवल्याने हृदयाला फारसे काम पडत नाही. ते काम रुग्णाच्या स्वतःच्या हातांनी व्हावे लागते, मग ते व्हीलचेअर वेगाने ढकलून होवो, हातसायकल फिरवून होवो किंवा पोहून. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार हृदय आणि चयापचय यांच्या आरोग्यासाठी आठवड्यातून तीनदा, दर वेळी किमान ३० मिनिटे, मध्यम ते जोरकस व्यायाम हवा. या रुग्णांत चांगले कोलेस्टेरॉल कमी आढळते आणि स्नायू झडून त्यांची जागा चरबी घेते, त्यामुळे वजनकाट्यावरचा आकडा पाहून निश्चिंत राहणे हीसुद्धा चूकच आहे.

आता ज्या चुकीची मला खरोखर भीती वाटते, तिच्याविषयी. दुखापत छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर असेल, तर तुंबलेले मूत्राशय, बद्धकोष्ठ किंवा एखादी जखम अशा साध्या कारणानेही रक्तदाब एकाएकी धोकादायक पातळीवर जाऊ शकतो. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात. मानेच्या मणक्याला दुखापत झालेला एक तरुण माझ्याकडे येत असे. एके दिवशी हातसायकल फिरवताना त्याचा चेहरा लाल झाला आणि कपाळावर घामाचे थेंब आले. शेजारी उभे असलेले वडील आनंदाने म्हणाले, "आज चांगली मेहनत घेतोय." तो मात्र डोके ठणकते आहे असे सांगत होता. मदतनिसाने त्याला घाईने आडवे केले आणि इथेच घात होऊ शकला असता, कारण आडवे केल्याने दाब आणखी चढतो. एरवी १०० च्या आसपास असणारा त्याचा वरचा रक्तदाब १८० झाला होता. आम्ही त्याला पुन्हा ताठ बसवले, पाय खाली सोडले, पट्टे सैल केले, आणि तेव्हा दिसले की कॅथेटरची, म्हणजे मूत्राशयातून पिशवीत लघवी नेणारी, नळी मांडीवरच्या पट्ट्याखाली दुमडून बसली होती. नळी सरळ करताच पिशवीत धार सुरू झाली आणि काही मिनिटांत डोकेदुखी उतरू लागली. कारण सापडले नसते किंवा वरचा दाब १५० च्या वरच राहिला असता, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठावे लागले असते.

तेव्हापासून माझा एक नियम आहे : पिशवी रिकामी केल्याशिवाय आणि नळीवरून शेवटपर्यंत बोट फिरवून पाहिल्याशिवाय व्यायाम सुरू करायचा नाही, मग कोणाला कितीही घाई असो. एका नवख्या खेळाडूने मला विचारले होते की लघवी मुद्दाम तुंबवली तर स्पर्धेत जोर वाढतो, हे खरे का. दाब वाढतो हे खरे आहे, परंतु त्याच दाबाने मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, आणि आंतरराष्ट्रीय पॅरालिम्पिक समितीने या प्रकारावर बंदी घातलेली आहे. असल्या आडवाटा सुचवणाऱ्यांशी मी वाद घालत नाही, त्यांना सरळ थांबवते.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नाडी मोजणाऱ्या मनगटावरच्या घड्याळावर भिस्त ठेवणे. नाडी जास्तीत जास्त किती वाढू शकते हे काढण्याचे, २२० मधून वय वजा करण्याचे सूत्र मानेच्या दुखापतीत लागू पडत नाही. हृदयाची गती वाढवणाऱ्या चेतातंतूंचा मेंदूशी संबंध तुटलेला असल्याने अशा रुग्णाची नाडी पूर्ण जोर लावूनही अनेकदा ११० ते १३० च्या पुढे जात नाही. ती १६० वर नेण्याच्या हट्टापायी अधीर मुले स्वतःला पार दमवून घेतात. मी आकड्याऐवजी श्वासाकडे लक्ष देते : बोलता येते आहे पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम मेहनत, दोन-चार शब्दांनंतर थांबावे लागले, तर ती जोरकस.

दुखापतीच्या पातळीखाली घाम नीट येत नाही, म्हणून एप्रिल-मेच्या दुपारी व्यायाम करू नये आणि जवळ पाण्याची फवारणीची बाटली ठेवावी. भरपेट जेवणानंतर रक्तदाब उतरून घेरी येऊ शकते, म्हणून मध्ये दीड-दोन तास जाऊ द्यावेत. वरच्या पातळीच्या दुखापतीत हृदयविकाराचा झटका छातीत न दुखताही येऊ शकतो. अकारण थकवा, मळमळ किंवा धाप लागल्यास ईसीजी काढावा.

खांद्यांविषयी मात्र कळकळीने सांगते, कारण या माणसांचे खांदे हेच त्यांचे पाय असतात. चाक छोट्या-छोट्या झटक्यांनी ढकलू नये. लांब, संथ ढकल द्यावी आणि हात खाली सैल सोडून मागे आणावा. चाकांत हवा कमी असली की प्रत्येक ढकलीला खांद्यावर जास्त भार येतो, म्हणून रुग्ण आला की मी आधी अंगठ्याने टायर दाबून पाहते आणि गरज असेल तर पंप मारूनच व्यायामाला सुरुवात करते.